खिजगणती

एकोणीस हिवाळे मी पोरांना पेन्सिली वाटल्या,
मग टॅब्लेट.
नॉर्थ डकोटाच्या पश्चिमेचे सहा जिल्हे,
डिकीत फावडं, कांबळं, सीलबंद खोकी.
काम तसं सोपं :
शाळेत जायचं, बूट झटकायचे,
सूचना अक्षर न बदलता वाचायच्या,
आणि कुणी हळूच विचारलं, "बाई, हे बरोबर आहे का?"
तर म्हणायचं,
तुला जमेल तसं कर.

नवरा हसायचा.
"मार्लिस, उणे तीस तापमानात
दीडशे मैल गाडी हाकून जातेस
ते पोरांना काही न शिकवायला?"

त्याला वजन समजावणं मला कधी जमलं नाही.
म्हणजे असं :
देशातलं प्रत्येक पोर तपासता येत नाही,
म्हणून चिठ्ठी टाकल्यासारखी थोडी निवडायची,
आणि त्या प्रत्येकावर, न दिसणारी, बाकीची लादायची.
ओसियेलवर सहाशे बेचाळीस होती.

ओसियेल. चौथी. दहा वर्षांचा.
बाप तेलाच्या विहिरींवर, टेक्सासहून आलेला,
घर चाकांवरचं, कोट थोरल्या भावाचा.
खुर्चीत बसला तर पाय जमिनीला पुरत नव्हते
आणि खांद्यावर सहाशे बेचाळीस पोरं,
त्याच्यासारखीच कुठे कुठे, दुसऱ्यांच्या कोटात.
मी त्याला सांगितलं नाही.
सांगायचं नसतं.

सातवा प्रश्न : मोठं काय?
दोन तृतीयांश की पाऊण?
तो खिडकीबाहेर बघत राहिला.
बाहेर तेलाचा पंप मान हलवत होता,
हो बाई, हो बाई, हो बाई,
वर्गातल्या सगळ्यात गरीब मुलासारखा.
वेळ संपला. पडद्यावरचं उत्तर कोरं.
कच्च्या कागदावर मात्र
पंपाचं चित्र, आणि खाली एकच शब्द :
"कशाचं?"

कच्च्या कागदाला गुण नसतात.
नियम असा की तो गोळा करायचा, मोजायचा,
यंत्रात घालून त्याच्या शेवया करायच्या
आणि नष्ट केल्याची सही द्यायची.
सही मी दिली.
एकोणीस वर्षांत खोटी दिलेली ती एकच.

या फेब्रुवारीत, मंगळवारी, दुपारी चारला पत्र आलं.
करार संपुष्टात येत आहे.
कारण : सरकारची सोय.
मी ते दोनदा वाचलं, अक्षर न बदलता.
वॉशिंग्टनमधल्या ज्या बाई
माझ्या तक्त्यांतल्या चुका शोधून फोन करायच्या
(मुलीचं वय अकराशे लिहिलंत, मार्लिस!)
त्यांच्या नंबरावर आता यंत्र बोलतं
आणि निरोप ठेवायला जागा नाही, म्हणतं.

टीव्हीवर एक माणूस सांगत होता
इतके दशलक्ष वाचले, इतके वाचले.
आकडा मोठा होता, मान्य.
मी आयुष्यभर आकड्यांवर जेवले,
त्यांना नावं ठेवणार नाही.
आमच्या तक्त्यांनी कुणाच्या वर्गात
एक जास्तीची शिक्षिका आली का?
ठामपणे सांगता येत नाही मला.
तापमापकाने ताप उतरत नाही, हे नवऱ्याचं वाक्य,
आणि त्यावर मला रात्री तीन वाजता सुचलेलं उत्तर
सकाळी आठवलं नाही.

पण बेरीज करताना हातचा विसरला
तर आकडा ओरडत नाही.
उत्तर येतं. नीटनेटकं येतं.
फक्त सहाशे बेचाळीस पोरं
कुणाच्या खिजगणतीत राहत नाहीत.

काल किराणा आणायला निघाले.
काचेवर बोटभर बर्फ.
खरवडणी शोधायला गाडीचा कप्पा उघडला
तर तो कागद मांडीवर पडला.
शाळेवरून गेले. गेल्या वर्षी विहीर आटली,
पंप थांबलाय, मान खाली.
चाकांवरची घरंही गेली; ओसियेल कुठे असेल
ते आता कुठल्याच तक्त्यात नाही.

टोलेफ्सनबाई फाटकाशी मीठ टाकत होत्या.
काच खाली करायला लावून म्हणाल्या,
"यंदा केव्हा येताय? पोरं विचारतात."
त्या तेवीस जण आहेत म्हणाल्या. मग थांबल्या.
"चोवीस. आज एक नवीन आलीय."
आणि मिठाच्या हातानेच
हवेत एक रेघ ओढली.